मिस्त्रीकाका, तुम्ही हसला नाहीत

मिस्त्रीकाका,

समोर आभार मानायला गेलं की "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही थापी उचलून दुसऱ्या खोलीत जाता. म्हणून लिहितेय. कुणाकडून तरी वाचून घ्याल, किंवा स्वतःच चष्मा शोधाल.

आमचं लग्न ठरलं आणि पाठोपाठ घराचं काम निघालं. तेव्हापासून त्या घराबद्दल आम्हा दोघांना सोडून प्रत्येकाला मत होतं. तुमच्या आधीचे ठेकेदार साइटवर जो उभा असेल त्याचं ऐकायचे. सकाळी माझे मामा खिडकी फूटभर सरकवायला सांगून जायचे, दुपारी होणाऱ्या नवऱ्याचे काका ती पुन्हा जागेवर आणायला. विटा काय, पाडल्या आणि परत रचल्या. पण लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, भरून झाल्यावर खिडकी सरकवली की त्याचं एका बाजूचं टोक उघडं पडतं. दोन्हीकडे ते भिंतीवर निदान सहा इंच टेकलेलं लागतं हे मला तुमच्याकडून कळलं. त्यांना माहीत नसेल असं नाही. विचारलं तर म्हणायचे, "मोठी माणसं सांगतात, नाही कसं म्हणणार?" तोडफोडीचं बिल मात्र मोठ्या माणसांना कधी गेलं नाही. ते आम्हाला यायचं, आणि मग रात्री फोनवर "तुझ्या मामांमुळे", "तुझ्या काकांमुळे". लग्नच करू नये असंही एकदा बोलून झालं. तो विषय नको.

तुम्ही आलात आणि ओट्याचं काम निघालं. तो दिवस तुमच्या लक्षातही नसेल. दोन्हीकडची मंडळी हजर होती. ओटा 32 इंच घ्यावा, सगळीकडे तेवढाच असतो, असं आत्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. तुम्ही टेप हातात घेऊन आमच्याकडे वळलात आणि विचारलंत, "स्वयंपाक कोण करणार?"

हा म्हणाला, "दोघं. बहुतेक वेळा मीच."

सगळे हसले. आत्या तर जरा जास्तच. तुम्ही हसला नाहीत. "दादा, हात कोपरात वाकवून उभे राहा," म्हणालात आणि माप घेतलंत. मग माझं. कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा असला की पाठ वाकत नाही आणि खांदेही वर ओढावे लागत नाहीत, एवढंच समजावलंत. भिंतीवर खडूच्या दोन रेघा मारल्यात. एक त्याची, एक माझी. शेगडीची बाजू खाली, कारण भांड्याची उंची वर चढते. सिंकची बाजू उंच, कारण त्याचा तळ खोल जातो. हसणं आपोआप थांबलं.

काका, त्या घरात आम्ही दोघं राहणार आहोत हे इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी गृहीत धरलं होतं. गाडीत बसल्यावर हा बराच वेळ काही बोललाच नाही.

बाकीचंही आठवतंय. लग्नाआधी उरकायचं म्हणून हॉलच्या स्लॅबचे टेकू आठवड्यात काढा असा धोशा लागला, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत की दोन आधारांमध्ये एवढं लांब अंतर असलं की 14 दिवस तरी हवेतच, आणि पाणी मारत राहिलात. कुणी बदल सुचवला की "वहीत लिहितो, दोघांच्या सह्या आल्या की करतो." एकाही पाहुण्याचा अपमान केला नाहीत. सावलीत खुर्ची दिलीत, पाणी दिलंत, ऐकून घेतलंत. आमच्याकडे मोठ्यांचा मान म्हणजे त्यांच्या हो ला हो, अशी समजूत आहे. मान राखूनही नाही म्हणता येतं हे शिकलेसवरलेले लोक आम्हाला दाखवू शकले नाहीत. गोड बोलणारे खूप भेटतात. ज्याचं घर त्याला आधी विचारणारे फार कमी.

एक बातमी देते. आत्या हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला ओटा दाखवतात आणि दोन उंचीची कल्पना आपलीच होती असं सांगतात. आम्ही गप्प बसतो.

आता मंडळी भिंतींच्या रंगाकडे वळली आहेत. रंगारी तुमच्याच ओळखीतला पाठवा. त्याच्याकडे वही आहे ना, तेवढं आधी विचारून घ्या.

तुमची,
खालच्या रेघेवाली ताई