शिबिरात फक्त साखरच का मोजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. त्या सुमारास आपल्याकडे सांगली-मिरजेत ठिकठिकाणी मोफत तपासणी शिबिरे भरतात. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा, की पुढचा माणूस. मंडळांची पोरे स्वतःचा वेळ घालवून हे करतात, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण या शिबिरांत एक गोष्ट कायम राहून जाते. आमच्या घराला ती फार महागात पडली, म्हणून लिहिते आहे.

माझे धाकटे दीर ५६ वर्षांचे, हळदीच्या पेढीवर दिवाणजी. मधुमेह १२ वर्षांपासून. साखरेच्या बाबतीत माणूस अगदी काटेकोर. पेढीवरच्या खतावणीसारखी लाल कापडी बांधणीची त्यांची एक वही आहे. तिच्यात तारीख, उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, असे तीन रकाने. एक महिना चुकलेला नाही. गेल्या वर्षी शिबिरात आकडा चांगला आला, 'काही काळजी नाही' असे सांगितले गेले. घरी येऊन त्यांनी तो आकडाही वहीत चढवला.

त्यानंतर दीड महिन्याने एका सकाळी ते दारातल्या पायरीवरच बसले. सदरा घामाने भिजलेला, चेहरा उतरलेला. छातीत दुखतंय का, म्हणून मी दोनदा विचारले. "नाही वहिनी, पित्त उसळलंय, जरा लिंबू-सोडा द्या," म्हणाले. मी करून दिला. संध्याकाळी बरे वाटले. चौथ्या दिवशी मात्र जिना चढताना धाप लागली आणि रात्री आडवे होता येईना, तेव्हा मिरजेला हलवले. ईसीजी झाला, इको झाला. हृदयविकाराचा झटका त्या सकाळीच येऊन गेला होता. आता हृदयाचे पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला बाहेर ढकलल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, ३५ टक्केच उरले आहे. त्या दिवशी लिंबू पिळण्याऐवजी मी रिक्षा बोलावली असती तर, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

छातीत कळ का आली नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. मधुमेह जुना झाला की पायाला जशी बधिरता येते, तसेच हृदयाकडून येणाऱ्या मज्जातंतूंचेही होते. दुखणे जाणवतच नाही. अकारण घाम, धाप, मळमळ, एकाएकी आलेला गळाठा, एवढीच खूण उरते आणि आपण तिला पित्त म्हणतो.

मग बाकीचे आकडे निघाले. रक्तदाब १६०/१००. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, १६८. दोन्ही कधी तपासलेच नव्हते. कंबर १०२ सेंटीमीटर. आपल्या पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० च्या आत राहावे, असे सांगतात. शिवाय तंबाखूचा बार होताच.

मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या दुप्पट ते चौपट असतो, आणि तो काही एकट्या साखरेने वाढत नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, तंबाखू, घरातल्या वडीलधाऱ्यांचा हृदयविकार, सगळे मिळून रक्तवाहिन्या आतून खराब करतात. लघवीतून प्रथिने जायला लागली, तर ती मूत्रपिंडाइतकीच हृदयालाही धोक्याची सूचना. साखर आटोक्यात आणि बाकी सगळे मोकाट, अशी गत असेल तर ते 'काही काळजी नाही' कशाच्या जोरावर म्हणायचे? मधुमेहींनी साधारणपणे रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवावा. एलडीएल १०० च्या आत हवे. धोका जास्त असेल तर डॉक्टर ते ७० च्याही खाली आणायला बघतात.

बायकांविषयी वेगळे सांगायला हवे. मधुमेह नसलेल्या बाईला पाळी जाईपर्यंत हृदयविकारापासून थोडेफार संरक्षण असते. मधुमेह झाला की ते बरेचसे जाते. आणि आपल्या भागात सकाळी मशेरी लावणाऱ्या बायका किती आहेत! 'मी कुठे तंबाखू खाते' असे त्या अगदी मनापासून सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. शिबिरात त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला मी तरी पाहिला नाही.

दुसरे म्हणजे गोळ्या. 'बीपी नॉर्मल आलं, आता बंद केली', 'कोलेस्टेरॉलच्या गोळीनं लिव्हर जातं म्हणे', हे मी रोज बागेत फिरायला गेले की ऐकते. बीपी नॉर्मल आले ते गोळीमुळेच. कुणा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती सोडू नये. शंका असेल तर ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारावे.

सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी होते. मग मंडळांच्या शिबिरांतच रक्तदाब का सुटावा? माझी विनंती एवढीच की यंदा प्रत्येक मंडळाने साखरेच्या पट्ट्यांबरोबर रक्तदाबाचे यंत्र ठेवावे, तंबाखू आणि मशेरीबद्दल विचारावे, कोलेस्टेरॉल आणि लघवीची तपासणी करून घ्या असे चिठ्ठीवर लिहून द्यावे. कंबर मोजायला तर शिंप्याकडची टेपही चालते. आपल्या दैनिकात शिबिरांच्या बातम्या छापून येतात, त्यांच्या आधी हे पत्र छापावे.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली