न्यूट्रॉन कुठे गेले? अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, अणुऊर्जा आयोग,
अणुशक्ती भवन, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी चेंबूरला राहतो. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. मागच्या महिन्यात एक जुना विद्यार्थी मुलाच्या बारशाचे पेढे घेऊन आला आणि जाता जाता पिशवीतून एक गुळगुळीत माहितीपत्रक काढलं. निकेल आणि हायड्रोजनवर चालणारी घरगुती अणुभट्टी. किरणोत्सर्ग नाही, कचरा नाही, परवान्याची गरज नाही. पैसे गुंतवू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, "यात अणूचं काय आहे?" तो म्हणाला, "सर, ऊर्जा अणुगर्भातून येते ना." "मग न्यूट्रॉनसारखे कण, गॅमा किरण, काहीतरी बाहेर यायला हवं. ते कुठे गेलं?" त्याने पत्रक उलटून मागची बाजू पाहिली. तिथे फक्त बँकेचा तपशील होता.

हा प्रश्न आपल्याकडे घेऊन येण्याचं कारण असं, की आपल्या देशात याचं उत्तर शोधायची मोठी धडपड माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, ट्रॉम्बेला झाली. 23 मार्च 1989 रोजी अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की जड पाण्यात पॅलेडियमची कांडी बुडवून वीज सोडली तर खोलीच्या तापमानाला ड्यूटेरियमचं, म्हणजे जड पाण्यातल्या जड हायड्रोजनचं, संमीलन होतं, त्याची केंद्रकं एकमेकांत मिसळून ऊर्जा सुटते. यालाच थंड संमीलन म्हणतात. काही आठवड्यांत भाभा अणुसंशोधन केंद्रातले अनेक गट कामाला लागले. तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार स्वतः त्यात उतरले होते. त्या कामाचा जाड अहवाल अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी संपादित केला. मला त्याचं आजही अप्रूप वाटतं. जगभर लोक थर्मामीटर घेऊन बसले होते, आपली माणसं न्यूट्रॉन आणि ट्रिटियम (त्याहून जड, किरणोत्सर्गी हायड्रोजन) मोजत होती. उष्णता मोजताना माणूस फसतो. न्यूट्रॉन मोजतानाही फसतो, पण तिथली फसगत लवकर उघडी पडते.

पुढचं आपल्याला पाठ आहे. पण पत्र खुलं आहे, म्हणून इतरांसाठी लिहितो. ड्यूटेरियमची दोन केंद्रकं एकत्र आली की जवळजवळ निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन मिळतात, निम्म्या वेळा हीलियम-3 आणि न्यूट्रॉन. थेट हीलियम-4 क्वचितच, सुमारे कोटीत एकदा, आणि तेव्हा 23.8 एमईव्हीचा गॅमा किरण सुटतो (एमईव्ही हे अणुगर्भातली ऊर्जा मोजायचं एकक, केईव्ही त्याचा हजारावा भाग). या हिशेबाने फक्त एक वॅट उष्णता अशी निघाली, तरी सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतील. एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा किरणोत्सर्गाचा वर्षाचा एक मिलिसीव्हर्टचा कोटा सेकंद पुरा व्हायच्या आत संपेल, आणि अर्धा तास तो तिथेच थांबला तर गंभीर आजारी पडेल. फ्लाइशमन-पॉन्स तर अनेक वॅटची गोष्ट करत होते. तब्येत मात्र दोघांची ठणठणीत होती! त्यांनी पुरावा म्हणून आलेखातलं गॅमा किरणांचं एक शिखर छापलं होतं. एमआयटीच्या गटाने दाखवून दिलं, की तशा आकाराचं शिखर त्या उपकरणात उमटूच शकत नाही.

किरणोत्सर्ग नाही, ही या यंत्राची जाहिरात आहे. मला तर तो त्याच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप वाटतो. शेजारी म्हणतो, माझ्या चुलीला धूर नाही आणि राखही नाही. आपण कौतुक करायच्या आधी चूल पेटली होती का ते बघतो.

ट्रॉम्बेत जे दिसलं ते याहून विचित्र होतं. ट्रिटियम मिळालं, न्यूट्रॉनही मिळाले, पण बरोबरीने नाही. कोटी-दहा कोटी ट्रिटियममागे एखादा न्यूट्रॉन, अशा पातळीची प्रमाणं नोंदली गेली. आता नेहमीच्या अभिक्रियेतून जन्मलेला ट्रिटियम एक एमईव्ही ऊर्जा घेऊन धावतो. वाटेत ड्यूटेरियमने गच्च भरलेलं पॅलेडियम असेल तर त्यातले काही धडकणार आणि 14 एमईव्हीचे न्यूट्रॉन सुटणार. ते पुरेसे दिसत नसतील, तर हा ट्रिटियम जवळपास वेग नसतानाच जन्मला असं मानावं लागतं, नाहीतर तो आधीपासूनच जड पाण्यात किंवा धातूत होता असं. ज्या आवारात तेव्हा जड पाण्यावरच्या अणुभट्ट्या चालत होत्या तिथे दुसरी शंका घेणं हा त्या शास्त्रज्ञांचा अपमान नव्हे. त्यांनी स्वतःही ती घेतली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काम थांबलं, आणि शंका तिथेच राहिली.

सिद्धान्तवाले गप्प बसले नाहीत. सर्वांत आवडता युक्तिवाद म्हणजे ऊर्जा स्फटिकाचं जाळं वाटून घेतं. दाखला मॉसबाउअर परिणामाचा, तिथे केंद्रकातून गॅमा सुटताना बसणारा धक्का संपूर्ण स्फटिक मिळून पेलतो. ते खरंच आहे. पण लोह-57 मध्ये तो मामला 14.4 केईव्हीचा असतो, इथे त्याच्या सोळाशेपटींहून जास्त. शिवाय केंद्रकातली उलथापालथ इतक्या कमी वेळात उरकते, की तेवढ्यात प्रकाशसुद्धा शेजारच्या अणूपर्यंत पोचत नाही. घरात चोरी होऊन चोर पसारही झाला, आणि आपण म्हणायचं की गावाने मिळून माल वाटून घेतला.

विडम आणि लार्सन या सिद्धान्तवाल्यांनी 2006 मध्ये वेगळी वाट काढली. धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन 'जड' होतात, प्रोटॉनशी मिळून अतिमंद न्यूट्रॉन बनवतात, ते तिथेच गिळले जातात, आणि निघणारा गॅमा हेच जड इलेक्ट्रॉन शोषून घेतात. एकाच पात्राने सगळ्या अडचणी झाकायच्या. यासाठी प्रत्येक इलेक्ट्रॉनला 0.78 एमईव्ही जादा कुठून मिळते, हा प्रश्न बाजूला ठेवू. या सिद्धान्ताची परीक्षा स्वस्तात होते. चालू घटाच्या, म्हणजे प्रयोगाच्या भांड्याच्या, एका बाजूला साधा गॅमा स्रोत ठेवायचा, दुसऱ्या बाजूला मोजयंत्र. घट गॅमा गिळत असेल तर आकडा पडेल. आपल्याकडे एखादा एम.एस्सी.चा मुलगाही हे करून दाखवेल.

आता पत्रकातल्या निकेलकडे येतो. त्याचा पूर्वज आंद्रेआ रॉसी यांचं 2011 मध्ये इटलीतल्या बोलोन्यात दाखवलेलं यंत्र. निकेलमध्ये प्रोटॉन शिरून तांबं होतं, असा दावा. नैसर्गिक निकेलचा दोन तृतीयांश भाग निकेल-58 असतो. त्यात प्रोटॉन शिरला तर तांबं-59 बनतं, ते दीड मिनिटाच्या आत निम्मं होतं, आणि 511 केईव्हीचे गॅमा जोडीने सुटतात. भिंतीआडूनही पकडता येतील असे. प्रात्यक्षिकात गॅमा मोजणाऱ्यांना एरवीही सगळीकडे असणाऱ्या किरणोत्सर्गाच्या वर काही दिसलं नाही. 2014 च्या स्वित्झर्लंडमधल्या लुगानोतल्या चाचणीत राखेत, म्हणजे वापरून झालेल्या इंधनात, जवळपास निव्वळ निकेल-62 निघालं, निसर्गात ते चार टक्केसुद्धा नसतं. पण राख बाहेर काढताना रॉसी स्वतः हजर होते. पुढे प्रकरण फ्लोरिडातल्या कोर्टात गेलं आणि 2017 मध्ये तडजोडीने मिटलं.

म्हणून हे सगळं थोतांड, असं मी म्हणत नाही. थंड संमीलन निसर्गाला वर्ज्य नाही. म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनसारख्या, पण जड कणाच्या) मध्यस्थीने ते होतं, पदार्थवैज्ञानिक आल्व्हारेझ यांच्या गटाने 1956 मध्ये बर्कलीत ते पाहिलं. ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या थंड मिश्रणात एकेक म्यूऑन शंभराच्या वर संमीलनं घडवतो आणि तिथे न्यूट्रॉन पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बाहेर येतात. गूगलने एक कोटी डॉलर खर्चून फ्लाइशमन-पॉन्स पुन्हा तपासलं, काही सापडलं नाही, आणि 2019 मध्ये 'नेचर'मध्ये तसं छापलं. त्याच कामातले ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे बर्लिंगेट गप्प बसले नाहीत. 2025 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं, की पॅलेडियमवर ड्यूटेरियमचा मारा चालू असताना मागून विद्युतरासायनिक पद्धतीने आणखी ड्यूटेरियम भरलं तर संमीलन सरासरी 15 टक्क्यांनी वाढतं. मिळालेली शक्ती वॅटचा अब्जांश. बढाई नाही, आणि पुरावा न्यूट्रॉनचा. हे वाचून मला अय्यंगारांच्या माणसांची आठवण झाली.

माझं मागणं फार नाही. ट्रॉम्बेतल्या त्या प्रयोगांच्या मूळ नोंदवह्या, मोजणीचे कच्चे आकडे, तुलनेसाठीच्या कोऱ्या नमुन्यांच्या नोंदी, सगळं स्कॅन करून विद्यार्थ्यांना खुलं करावं. एखाद्या विद्यापीठाला थोडा निधी देऊन हे काम पुन्हा करवून घ्यावं, पण अट अशी की जड पाण्याच्या घटाशेजारी साध्या पाण्याचा घट चालेल, मोजणारा गट घट बनवणाऱ्यांपासून वेगळा असेल, आणि काही मिळालं नाही तरी ते छापलं जाईल. हायड्रोजनची काळजी मात्र घ्यावी. 1992 मध्ये कॅलिफोर्नियात असाच एक घट फुटून एक संशोधक गेला. किरणोत्सर्गाने नव्हे, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या साध्या रासायनिक स्फोटाने.

आणि ही पत्रकं. 'अणुभट्टी' म्हणून पैसे गोळा करायचे आणि 'किरणोत्सर्ग नाही' म्हणून परवाना टाळायचा, हे दोन्ही डगरींवर हात ठेवणं आपण थांबवू शकता. अणुऊर्जा नियामक परिषदेचं ऑफिस अणुशक्तीनगरातच आहे. भट्टी अणूची असेल तर ती तिथे तपासणीला येऊ द्या. नसेल तर पत्रकावरून 'अणू' हा शब्द पुसायला लावा.

इथे कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. पत्रकाची प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळ्या पाकिटात पोस्टाने पाठवली आहे. विद्यार्थ्याला मी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

आपला,
चेंबूरचा एक निवृत्त शिक्षक