कर्झनचा वाडा बघायचा तर मुक्काम पबातच करा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या पर्यटन पुरवणीत मध्यंतरी इंग्लंडमधल्या लॉर्ड लोकांच्या वाड्यांवर लेख आला होता. लेख छान होता, पण शेवटी लिहिलं होतं की लंडनहून सकाळी निघून वाडा बघून रात्री परत येता येतं. त्यावर पुढच्या आठवड्यात एका वाचकांचं पत्र आलं, की खेड्यात राहायचं म्हटलं तर पबशिवाय काही नसतं आणि फॅमिलीला घेऊन पबात कसं राहणार. हे दोन्ही वाचल्यावर मला राहवेना, कारण आम्ही नेमकं तेच केलं, डर्बी शहराजवळचा लॉर्ड कर्झनचा वाडा बघायला गेलो आणि फॅमिलीला घेऊन पबात राहिलो, दोन रात्री, आणि आमच्या घरात दारूचा थेंब कोणी घेत नाही.

पब हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यासमोर अंधार, दणदणाट आणि रंगीत लाईट येतात, तो घोळ आधी मिटवू या. पब म्हणजे पब्लिक हाऊस, चारचौघांनी येऊन बसायचं घर. इंग्लंडच्या खेड्यात तो चावडी, खाणावळ आणि धर्मशाळा असा तिन्ही मिळून असतो. संध्याकाळी म्हातारे येतात, कुत्री येतात (कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं दाराशीच ठेवलेलं), लहान मुलं आईबापांबरोबर जेवायला येतात, आणि वर चार-पाच खोल्या असतात त्या भाड्याने देतात. आमची खोली जिन्याच्या टोकाला होती, छताचं लाकूड इतकं खाली की आमच्या यांचं डोकं पहिल्याच रात्री दोनदा आपटलं. खाली गप्पांचा आवाज येत होता खरा, पण अकराला घंटा वाजली आणि अर्ध्या तासात सगळं चिडीचूप.

फजिती झाली ती जेवणाची, आणि चूक पूर्ण आमचीच. खाली जाऊन खिडकीजवळचं टेबल पकडलं आणि बसलो, आता कोणीतरी येईल, मेन्यू देईल, पाणी विचारेल. दहा मिनिटं झाली, वीस झाली, सगळे आमच्याकडे बघून हसून मान हलवतात पण ऑर्डर घ्यायला कोणी येत नाही, यांचा पारा चढायला लागला, आपण परके म्हणून असं करतायत की काय. शेवटी मीच उठून काउंटरवर गेले तर मालकीणबाई म्हणाल्या, अहो, किचन साडेआठलाच बंद झालं, तुम्ही मागितलंच नाही! तिथे पद्धत अशी की आपण बारवर जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, ऑर्डर तिथेच द्यायची, पैसेही बहुतेक तिथेच, मग जेवण टेबलावर येतं. टेबलावरच्या त्या छोट्या पितळी नंबराकडे आम्ही शोभेची वस्तू म्हणून बघत होतो. बाईंनी मग स्वतः आत जाऊन चीज सँडविच करून दिलं, तेवढ्यावर निभावलं.

बारवर मी उभी होते तेव्हा शेजारी एक आजोबा बिअरचा मोठा ग्लास घेऊन बसलेले. त्यांनी विचारलं कुठून आलात, मी म्हटलं इंडिया, तर त्यांनी ग्लासाकडे बोट दाखवून सांगितलं की ही बिअर तुमच्या नावाची आहे. मला वाटलं थट्टा करतायत. पण इंडिया पेल एल नावाची बिअर खरंच आहे, आणि डर्बीच्या जवळच बर्टन नावाचं गाव आहे तिथले बिअरवाले १८२० नंतर ती पिंपं भरभरून हिंदुस्थानात पाठवायचे, इथल्या गोऱ्या साहेबांसाठी. बर्टनच्या पाण्यात जिप्सम नावाचं खनिज आहे, त्याने म्हणे चव येते. म्हणजे बघा, तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, नीळ झाली, अफू झाली, कापूस झाला, पण हे मला एका पबात लिंबू सरबत पिताना कळलं.

आता वाड्याबद्दल. आम्ही गेलो होतो केडलस्टन हॉलला, डर्बीपासून सात-आठ किलोमीटर. लंडनच्या सेंट पँक्रसहून डर्बी ट्रेनने दीड तासाच्या आसपास. हे घराणं कर्झनचं, होय तेच, बंगालची फाळणीवाले, १८५९ साली लॉर्ड कर्झन याच घरात जन्मले. वर्गात ज्या माणसावर मी दरवर्षी 'टिपा लिहा' घातलं त्याच्या दिवाणखान्यात उभं राहायला विचित्र वाटतं, खोटं कशाला बोलू.

१७६० च्या सुमाराला सर नॅथॅनियल कर्झननी जुनं घर पाडून हा बांधायला घेतला, आर्किटेक्ट मुख्यतः रॉबर्ट ॲडम. आत शिरल्या शिरल्या संगमरवरी हॉल, अलाबास्टर दगडाचे २० खांब, एकेक २५ फुटी, गुलाबी शिरा असलेले. गंमत म्हणजे हा मधला भाग राहण्यासाठी नव्हताच, लोकांना दिपवायला होता, घरचे लोक बाजूच्या भागात राहायचे. बाहेरच्यांना घर दाखवायचं काम तेव्हापासून चालू, मिसेस गार्नेट नावाची हाऊसकीपर पाहुण्यांना फिरवायची, तिचं पेंटिंग आहे, हातात वाड्याचं गाईडबुक. सगळ्या लॉर्ड-लेडींच्या चित्रांपेक्षा मला तीच जास्त आवडली.

मूळ प्लॅनमध्ये चार विंग होत्या, बांधल्या दोनच. पण कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे पुढचं राजभवन, १७९९ ते १८०३ मध्ये तेव्हाचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याने याच प्लॅनवरून बांधलं आणि तिथे मात्र चारही विंग आहेत. मालकाला स्वतःच्या घरी जमलं नाही ते आपल्या पैशातून कलकत्त्यात पुरं झालं, असं यांचं म्हणणं. आणि शंभर वर्षांनी कर्झन व्हाइसरॉय होऊन आले ते राहायला त्याच कलकत्त्याच्या वाड्यात.

केडलस्टनमध्ये कर्झननी पूर्वेकडून नेलेल्या वस्तूंचं म्युझियम आहे, हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, आणि लेडी कर्झनचा मोराच्या पिसांच्या नक्षीचा तो प्रसिद्ध ड्रेस, जो तिने १९०३ च्या दिल्ली दरबारच्या बॉलला, म्हणजे नाचाच्या समारंभाला, घातला होता. आपल्या कारागिरांनी सोन्याचांदीच्या तारेची जरदोजी केली, शिवला पॅरिसला, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात हिरवा चमकणारा भुंग्याचा पंख. लांबून लोकांना पाचू वाटायचे. वजन साडेचार किलोच्या आसपास, हे म्हणाले एवढं अंगावर घेऊन ती नाचली कशी. मी तिथे बराच वेळ उभी होते. शिंप्याचं नाव मिळतं, कोणी घातला ते नाव मिळतं, तारेवर डोळे फोडणाऱ्यांची नावं कोण लिहिणार. १९०४ मध्ये आपली जुनी स्मारकं वाचवायचा कायदा करणारा आणि त्याच्या पुढच्याच वर्षी बंगाल तोडणारा माणूस एकच, हे वर्गात सांगताना सोपं होतं, तिथे उभं राहून पचायला जड गेलं.

आता पबात राहायचा खरा फायदा सांगते. दिवसाभराच्या ट्रिपवाले खांब बघतात, ड्रेस बघतात, चहाबरोबर स्कोन नावाचा छोटा केक खातात आणि बस पकडतात. आम्ही रात्री पबात परत आलो (यावेळी सात वाजताच!) तर ते कालचे आजोबा होते, विचारलं काय काय पाहिलंत. मी हिरवळीचं कौतुक केलं, वाड्यासमोर नुसती हिरवी पसरलेली टेकडी, मेंढ्या, तळं. ते म्हणाले, हो ना, गाव होतं तिथे, ते हलवलं. मला वाटलं त्यांच्या लहानपणी वगैरे. नाही, १७६० च्या वेळचं! वाड्यासमोर झोपड्या दिसायला नकोत म्हणून लॉर्डसाहेबांनी अख्खं गाव उचलून लांब नेलं, रस्ताही वळवला, फक्त जुनं चर्च राहिलं कारण ते पाडता येईना. अडीचशे वर्षं झाली आणि म्हातारबा असं बोलत होते जणू मागच्या उन्हाळ्यात झालंय. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांबद्दल लोक असंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत गेलो ते चर्च बघायला. आत कर्झन आणि त्यांची बायको मेरी यांचे संगमरवरी पुतळे शेजारी शेजारी आडवे आहेत. ती १९०६ मध्ये गेली, जेमतेम छत्तीस वर्षांची. नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरं सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेकडे, हा वाडा १९८७ पासून आहे, वारसा कर भरता भरता अशी शेकडो घरं त्या देशात एकतर पडली नाहीतर ट्रस्टला गेली.

जाणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. वाडा उघडायचे दिवस आणि वेळा बदलतात, आधी तपासा. आणि बसच्या भरवशावर राहू नका, आम्ही रविवारी पाच किलोमीटर चाललो, छत्रीसकट. खोली आम्हाला नाश्त्यासकट ९५ पौंडाला पडली, मी शाकाहारी म्हटल्यावर बाईंनी मशरूम, टोमॅटो आणि बीन्स एवढे वाढले की दुपारचं जेवण वाचलं.

शेवटच्या संध्याकाळी मी वरून खाली आले तर हे आधीच बारवर उभे, कोणी विचारायच्या आत मोठ्याने सांगत होते, टेबल नंबर सात!

आपली,
एक निवृत्त शिक्षिका