सूचना : जिना, डक्ट आणि मुलांचा श्वास

सर्व सभासदांना नमस्कार.

कोथरूडमध्ये इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, हे वेगळं सांगायला नको. बाथरूमच्या डक्टमधून चौथ्या मजल्यावरच्या फोडणीचा वास सहाव्यावर येतो, तसाच सिगारेटचा धूरही येतो. गेल्या आठवड्यात दोन घरांतून तशी तक्रार आली.

पण खरा मुद्दा शेजाऱ्यांचा नाही, घरातल्याच लेकरांचा आहे. ‘मी बाल्कनीत ओढतो, दार लावून घेतो’ असं अनेक बाबा सांगतात. (आया ओढत नाहीत असं नाही, पण असो.) दाराच्या फटीतून धूर आत येतोच. शिवाय शर्टाला, केसांना, सोफ्याच्या कापडाला तो चिकटून राहतो आणि रांगणारं मूल तेच हात तोंडात घालतं. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात, त्यामुळे वजनाच्या मानाने त्यांच्या फुप्फुसांत धूर जास्त जातो. दमा बळावणं, वारंवार कान फुटणं, न्यूमोनिया यांचा धोका त्यातून वाढतो. पंखा किंवा उघडी खिडकी याला पुरत नाही. बंद गाडीत तर अजिबात ओढू नये, मूल मागे बसलेलं नसलं तरी.

जिना, लिफ्ट, पार्किंग आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेत धूम्रपान करू नये. थोटकं कुंड्यांत टाकू नयेत, माळीकाका वैतागलेत.

सोडायची इच्छा असेल तर राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन : १८००-११-२३५६.

– व्यवस्थापन समिती