चर्चचा सज्जाही इतिहासात यावा

महोदय,

जुन्या चर्चवास्तूंवरील लेखांत उंच मनोरे, टोकदार कमानी आणि रंगीत काचांच्या खिडक्या यांचे वर्णन भरभरून येते. प्रेसबिटेरियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या दगडी चर्चची मात्र ‘साधी वास्तू’ एवढ्यावर बोळवण होते. वास्तविक हा साधेपणा विचारपूर्वक स्वीकारलेला आहे. बायबलचे वाचन आणि प्रवचन हाच उपासनेचा गाभा मानल्यामुळे या पंथाने उपदेशपीठाला मानाची जागा दिली, मूर्ती व चित्रे बाहेर ठेवली आणि मागच्या बाकापर्यंत शब्द स्वच्छ पोहोचावा अशी सभागृहाची आखणी केली.

अमेरिकेतील लुइसबर्गचे ‘ओल्ड स्टोन चर्च’ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथील मंडळी, म्हणजे उपासकांचा समुदाय, १७८३ मध्ये स्थापन झाली आणि १७९६ मध्ये स्थानिक चुनखडीच्या दगडात ही वास्तू उभी राहिली. तो प्रदेश तेव्हा व्हर्जिनियात होता. लुइसबर्ग आज ज्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात आहे, ते १८६३ मध्ये झाले. बांधकामासाठी लागणारी वाळू स्त्रियांनी ग्रीनब्रायर नदीवरून घोड्यांवर लादून आणली, असे तेथे परंपरेने सांगितले जाते. १८३० मध्ये इमारत वाढवण्यात आली, आणि पुढे यादवी युद्धात तिचा रुग्णालय म्हणूनही उपयोग झाला.

दारावरील शिलालेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या भूमीच्या काही पहिल्या रहिवाशांनी स्वखर्चाने ही वास्तू उभारली, असे तो सांगतो आणि वाचकाला त्यांची स्तुती करावीशी वाटलीच, तर तिचे श्रेय देवाला द्यावे, अशी विनंती करतो. ही नम्रता खरी असेल, याबद्दल मला शंका नाही. पण त्याच भूमीवर या वसाहतकारांच्या आधी शॉनी आणि इतर मूलनिवासी वावरत होते, त्यांना त्या ‘पहिल्या रहिवाशां’त स्थान नाही; आणि आत शिरल्यावर वर जो लाकडी सज्जा दिसतो, तो गुलामगिरीत ठेवलेल्या माणसांना बसण्यासाठी होता. ईश्वरापुढे सर्व समान, असे प्रवचन खालच्या बाकांवर आणि वरच्या सज्जात एकाच वेळी ऐकू जात असणार. दगडावर कोरलेला मजकूर जे सांगत नाही, ते या इमारतीची रचना सांगते.

म्हणून अशा वास्तूंवर लिहिताना दगडाची जात, भिंतीची जाडी आणि बांधकामाचे वर्ष यांच्या जोडीने कोणाला कोठे बसवले जात होते याचाही उल्लेख लेखकांनी आवर्जून करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक