मंत्रिमहोदय, ह्या वह्यांची किंमत काय लिहू?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.
(प्रत : मा. मराठी भाषा मंत्री आणि मा. सांस्कृतिक कार्य मंत्री. तिघांना का, ते पुढे कळेलच.)

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह. अनुदान वाढवा म्हणून लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यासाठी ग्रंथालय संघ आहे आणि त्यांची निवेदनं आपल्या टेबलावर नियमित पोचतात. हे पत्र आमच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटावर ठेवलेल्या सहा खोक्यांबद्दल आहे.

आमच्याकडे आयुष्यभर ग्रंथपाल राहिलेल्या एका गृहस्थांचे कागद त्या खोक्यांत आहेत. घरच्यांची इच्छा नसल्यामुळे नाव देत नाही. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलं नव्हतं, तरी गाव त्यांना 'लायब्ररीवाले मास्तर' म्हणायचं.

मास्तर मूळ गोव्यातल्या पेडण्याचे. आज आरोंद्याहून पुलावरून किरणपाणीला उतरलं की दुचाकीने दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न. पण ते तरुणपणी इकडे आले तेव्हा तेरेखोल नदीच्या पलीकडे पोर्तुगालचं राज्य होतं. कागदोपत्री ते परदेशातून आलेले. १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि मग सरहद्द दोन्ही बाजूंनी आवळली गेली. समोरच्या काठावरचा माड दिसतो, पण घरी जाता येत नाही, अशी काही वर्षं त्यांनी काढली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ते परत जाऊ शकले असते. तोवर इकडे नोकरी लागली होती आणि लग्नही ठरलं होतं. नोकरी म्हणजे वाचनालयात शिपाई. पुढे ग्रंथालयशास्त्राची प्रमाणपत्र परीक्षा देऊन ते ग्रंथपाल झाले.

ते लेखकही होते. मालवणीतल्या कथांचे दोन संग्रह त्यांनी पदरमोड करून छापले. खरं सांगायचं तर कथा बेताच्या आहेत. शेवटी सासू सुधारते किंवा मुंबईचा चाकरमानी घरी परततो, अशा वळणाच्या. त्या कथांसाठी मी मंत्र्यांना पत्र लिहिलं नसतं.

मी लिहितोय ते त्यांनी न छापलेल्या गोष्टींसाठी.

पहिल्या दोन खोक्यांत रद्द झालेली तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीची कार्डं, आहेत. पुस्तक बाद झालं की त्याचं कार्ड मास्तर फेकत नसत, पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, दोर ओढायला कोण कुठे उभा राहतो, मासळीचा वाटा कसा पडतो, विधवेच्या घरचा वाटा कुठल्या गावात राखून ठेवतात आणि कुठल्या गावात नाही. खाली बारीक अक्षरात सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. एका कार्डावर पुढच्या बाजूला प्रवासवर्णनाचं नाव, वर्गांक आणि किंमत. मागे लिहिलंय : 'ह्या वर्षी पेडवे आले नाहीत. म्हातारी म्हणते, ती लग्न होऊन आली त्या वर्षीही आले नव्हते. लग्नाचे साल विचारले पाहिजे.' पुढच्याच कार्डावर वेगळ्या शाईत साल आहे. माणूस खरंच विचारून आला होता.

आज बारक्या मासळीचं गणित का बिघडलं म्हणून किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून भांडणं चालली आहेत. त्या भांडणात दोन्ही बाजू 'पूर्वी असं नव्हतं' एवढंच म्हणतात. पूर्वी कसं होतं, ते ह्या कार्डांवर साल-तारखेनिशी आहे.

तिसऱ्या खोक्यात देव-घेवीच्या जुन्या नोंदवह्या. नियमाप्रमाणे त्यांचं काम कधीच संपलं. पण समासात मास्तरांच्या नोंदी आहेत : 'पान ११२ वर विडीची राख.' 'बाईंनी कादंबरी एका रात्रीत परत केली, नवऱ्याला कळू देऊ नये म्हणाल्या.' 'हेच पुस्तक तिसऱ्यांदा. शेवटचे पान फाडले कोणी?' कोकणातल्या एका गावाने साठ-सत्तरच्या दशकांत काय वाचलं आणि कसं वाचलं, याचा इतका थेट पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मराठीतल्या वाङ्मयाच्या इतिहासांत लेखक भरपूर भेटतात, वाचक मात्र क्वचितच.

चौथ्यात पत्रं आहेत. त्यातली काही १९६१ च्या आधीची, पलीकडून कुणा ना कुणाच्या हाती आलेली, चार घड्या घातलेली. आईने दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली असावीत, कारण अक्षर दर वेळी निराळं. उरलेल्या खोक्यांत कथांची हस्तलिखितं, नभोवाणीसाठी केलेल्या भाषणांच्या प्रती, आणि 'पावसाळी कामे' नावाची एक वही. मृगाआधी कुठलं कपाट भिंतीपासून किती सरकवायचं, वेखंडाची पूड कुठे, डांबरगोळ्या कुठे, भिजलेलं पुस्तक उन्हात न टाकता सावलीत उभं कसं करायचं, हे सगळं त्यात आहे. दमट हवेत पुस्तकं जगवायची रीत त्या वहीत जितकी नेमकी मिळते, तितकी आम्हाला कुठल्याच प्रशिक्षणात मिळाली नाही.

आता मुद्द्यावर येतो. मास्तरांचं घर बंद आहे, मुलं मुंबईला आणि बडोद्याला. घर विकायचं ठरलं तेव्हा मुलीने खोकी आमच्याकडे आणून दिली. आम्ही ती रीतसर दाखल करून घ्यायला निघालो आणि तिथेच अडलो. दाखल नोंदवहीत रकाने ठरलेले : लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठं, किंमत. मी संबंधित कार्यालयात विचारायला गेलो. तिथल्या साहेबांनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "किंमत काय लिहिणार?" मी म्हटलं, किंमत नाही. "मग हे पुस्तक नाही," म्हणाले. तुच्छतेने नव्हे हो, चहा पाजून म्हणाले. नियमांच्या दृष्टीने ते बरोबरच होते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आणि अनुदानाचे नियम १९७० चे. त्यात वाचनालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथ किती, दैनिकं-नियतकालिकं किती, वाचक किती यावरून. हाताने लिहिलेल्या वहीला त्यात जागाच नाही. मग मला कुणी सुचवलं, पुराभिलेख खात्याकडे जा. पुराभिलेख संचालनालय १८२१ पासूनचं, देशातल्या जुन्या दफ्तरखान्यांपैकी. पण ते सांस्कृतिक कार्य विभागाकडे, आणि २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम सरकारी कागदांचा. मुख्य दफ्तर मुंबईत. शाखा पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात काही नाही. केंद्राच्या पांडुलिपी मोहिमेचं दार वाजवावं, तर हस्तलिखित ७५ वर्षं जुनं हवं. मास्तरांची बहुतेक कार्डं साठीच्या आतबाहेरची. ती नियमात बसायच्या वयाची होईपर्यंत वाळवी आणि कसर नियमाची वाट पाहणार नाहीत. मराठी भाषा विभाग पुस्तकांची गावं करतो. आमच्या जिल्ह्यात पोंभुर्ल्याची त्यासाठी निवड झाली, बाळशास्त्री जांभेकरांचं गाव, आनंद आहे. पण तिथेही छापील पुस्तकंच.

ग्रंथालयं एका खात्याकडे, दफ्तर दुसऱ्याकडे, भाषा तिसऱ्याकडे. म्हणून हे पत्र तिघांना.

तेरेखोलच्या पलीकडे मात्र वेगळी परंपरा दिसते आणि ती लिहिताना मला थोडा हेवा वाटतो. गोव्याच्या दफ्तरखान्याची सुरुवात १५९५ ची. त्याचा पहिला रखवालदार दियोगु दु कोउतु, लिस्बनहून आलेला, आणि स्वतः इतिहासकार. परमुलखातून आलेल्या लेखकाच्या हाती कागद सोपवायची रीत तिथे चारशे वर्षांहून जुनी. पुढे त्याच दफ्तरात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठा संबंधांचे कागद उजेडात आणले. पोर्तुगीज राज्यकर्ते म्हणून कसे होते ते आम्हाला कुणी सांगायला नको, पण कागद त्यांनी जपले. मास्तरांचे कागद पलीकडे द्यावेत असंही एकाने सुचवलं. पण ती माणसं, ते वाटे, ते वाचक इकडचे.

आणि इकडे जपणं जमतच नाही असंही नाही. वि. स. खांडेकर सांगलीचे. १९२० मध्ये शिरोड्याला शिक्षक म्हणून आले आणि अठराएक वर्षं राहिले. त्यांच्या स्मृती कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाने संग्रहालय करून जपल्या, शिरोड्यातही जपल्या आहेत. पण ज्ञानपीठ मिळालेल्या माणसाचं सगळेच जपतात. प्रश्न आहे तो न मिळालेल्यांचा.

आमच्या किनाऱ्यावर वाचनालयं जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. अशा संस्थांच्या माळ्यावर, कपाटांच्या तळाशी हाताने लिहिलेलं काय काय पडलंय, याची यादी कुणी केलेली नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या वाचन मंदिरात पाणी शिरलं. २००५ मध्येही शिरलं होतं. भिजलेली पुस्तकं पुन्हा जमवता येतात, आणि चिपळूणकरांनी ती हिमतीने जमवली. हाताने लिहिलेल्या एकुलत्या वहीची दुसरी प्रत कुठून आणणार?

मी मोठं स्मारक मागत नाही. कृपा करून दालन, पुतळा, उद्घाटन ह्या वाटेला जाऊ नका. आमच्या सिंधुदुर्गनगरीत, म्हणजे ओरोसला, शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे. तिथे एक कोरडी खोली द्या. हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र, आम्लरहित खोकी आणि वीज गेली तरी चालेल अशी सोय. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मिळून एक प्रशिक्षित माणूस नेमा, जो गावोगाव फिरून पाहील, यादी करील आणि काय ठेवायचं, काय नको ते सांगेल. 'नको' म्हणायची मुभा त्याला हवीच. प्रत्येक गावात कवी आहे आणि प्रत्येक कवीच्या ट्रंकेत वह्या आहेत, सगळ्या ठेवायला लागलात तर ओरोस पुरणार नाही. मास्तरांच्या कथांची हस्तलिखितं त्याने नाकारली तरी माझी तक्रार नाही. कार्डं आणि नोंदवह्या मात्र नाकारू नयेत.

दानपत्राचा सोपा मराठी नमुना काढा. आज कुणी कागद दिले तर मालकी कुणाची, छापायचा हक्क कुणाचा, हे कार्यवाहाला कळत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. कागद दिले म्हणून लेखनहक्क आपोआप जात नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो. हे एका पानावर लिहून सही घेतली की पुढची भांडणं टळतील. त्याच पानावर 'इतकी वर्षं उघडू नये' असाही रकाना असावा. कादंबरी एका रात्रीत परत करणाऱ्या त्या बाई आज हयात असू शकतात. स्कॅन करून सगळं इंटरनेटवर टाकायची घाई नको. एका ठिकाणी मला 'पेनड्राइव्हमध्ये आणा, मग बघू' असं सांगितलं गेलं. मूळ कार्डांचं काय करायचं, ते सांगितलं नाही.

आणि १९७० च्या नियमांत एक लहानशी भर घाला : मान्यताप्राप्त वाचनालयाला स्थानिक हस्तलिखितांचा संग्रह ठेवता येईल, त्याची नोंद स्वतंत्र वहीत किंमतीच्या रकान्याशिवाय होईल आणि वेतनेतर अनुदानातून त्यावर खर्च करता येईल. पैसे वाढवून नकोत. खर्च केला तर तपासणीत आक्षेप येणार नाही, एवढं लेखी हवं. हिशेब तपासनीस येतो तेव्हा डांबरगोळ्यांची पावतीसुद्धा 'ही कशासाठी?' म्हणून बाजूला निघते, हे आपल्याला कुणी सांगितलं नसेल.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. तो मिळवताना आपण दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख पुढे केले. मास्तरांच्या कार्डांसाठी तेवढं थांबायची आमची तयारी नाही.

खोकी सध्या आमच्याकडे आहेत. मास्तरांच्याच वहीप्रमाणे कपाट भिंतीपासून सरकवलंय, वेखंड घातलंय. छप्पर मागच्या पावसात दोन जागी गळलं, ते शाकारून घेतलंय. मुलीची लेखी संमती आणि मी केलेली कच्ची यादी तयार आहे. आपल्या खात्यातून कुणी पाहायला येणार असेल तर पावसाआधी यावं. वाचनालय सोमवारी बंद असतं, पण कळवून आल्यास उघडून देऊ. यादीत किंमतीचा रकाना अजून कोराच आहे, तिथे काय लिहायचं तेही येणाऱ्याने सांगावं.

आपला नम्र,
कार्यवाह, एक सार्वजनिक वाचनालय,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग