जिल्ह्याचा एकच मानसोपचारतज्ज्ञ आणि त्याचे बांधलेले हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळला जातो. २०१७ आणि २०२४ या दोन्ही वर्षी त्या दिवसाचा विषय कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हा होता. त्या निमित्ताने कार्यालयांतल्या, कारखान्यांतल्या आणि शाळांतल्या ताणाविषयी लिहिले-बोलले जाते. मात्र इतरांच्या मनावर उपचार करणारा माणूस कोणत्या परिस्थितीत काम करतो, याविषयी विदर्भाच्या संदर्भात फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हे पत्र.

पश्चिम विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करून निवृत्त झाले. माझ्या सेवाकाळात तीन मानसोपचारतज्ज्ञ आले आणि गेले. तिघांपैकी एकही कामचुकार नव्हता. त्यांतले दुसरे डॉक्टर आले तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेले होते. पहिल्या वर्षी ते प्रत्येक रुग्णाला पेरणी कशी झाली, घरी कोण कोण आहे, झोप किती वाजता मोडते, असे विचारत. चौथ्या वर्षी ते मान वर न करता केसपेपरवर मागच्याच गोळ्या लिहून देऊ लागले. एका रुग्णाची आई मला म्हणाली, "डाक्टरसाहेब पयलेसारखे बोलत नाहीत आता, बाप्पा." पाचव्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला.

याला वैद्यकीय जगात बर्नआउट म्हणतात. मराठीत 'थकवा' म्हटले तर तो रविवारच्या झोपेने जाईल असे वाटते, म्हणून मी बर्नआउट हाच शब्द वापरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, आणि तो आजार नसून कामाशी निगडित स्थिती आहे असे स्पष्ट नोंदवले. शक्ती संपून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, अशी त्याची तीन अंगे तिथे दिली आहेत. या विषयावर आयुष्यभर संशोधन केलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी त्याची मुळे कामाच्या सहा बाजूंत शोधली: कामाचा भार, कामावरचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांचा आधार, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. त्या सहांत माणसाच्या स्वभावाचा कमकुवतपणा कुठेही नाही, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे असा डॉक्टर दिसला की "याला खेडे झेपले नाही" एवढाच निष्कर्ष काढला जातो.

भाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो भाग सर्वांना माहीत आहे. देशात एक लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ इतके सांगितले जाते, आणि ते निदान ३ असावे अशी अपेक्षा आहे. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती. त्या एका जिल्ह्याला हे प्रमाण लावले तरी सत्तरहून अधिक तज्ज्ञ लागतील.

पण मी जे पाहिले त्यावरून सांगते की आमच्या डॉक्टरांना रुग्णांच्या संख्येने मोडले नाही. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असलेल्या दिवशीही, एखादा बरा झालेला मुलगा शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला की ते दुपारी मन लावून जेवत. ज्या गोष्टींची जबाबदारी पूर्णपणे त्यांच्यावर होती आणि ज्यांवर त्यांचा काडीचाही अधिकार नव्हता, त्या गोष्टींनी त्यांना मोडले.

औषधांचेच उदाहरण घ्या. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला वर्षभर एका गोळीने स्थिर करायचे, त्याला कामाला लावायचे, आणि मग एके दिवशी औषधखिडकीवरून उत्तर यायचे की ती गोळी संपली आहे, पुढच्या महिन्यात बघा. बाहेरून विकत घेण्याची ज्याची ऐपत नाही तो रिकाम्या हाताने गावी परततो, आणि काही आठवड्यांनी त्याला दोरीने बांधून जीपमधून परत आणले जाते. खरेदीची मागणी वेळेवर पाठवूनही साठा कधी येईल हे डॉक्टरांना कोणी सांगत नसे, पण नातेवाइकांचा संताप मात्र त्यांनाच झेलावा लागे. मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर लिथियम हे जुने, स्वस्त आणि उत्तम औषध आहे, परंतु ते सुरू असताना रक्तातली त्याची पातळी वेळोवेळी तपासावी लागते. माझ्या काळात आमच्याकडे ती सोय नव्हती, त्यामुळे जे औषध योग्य आहे हे माहीत असायचे ते लिहिता यायचे नाही. आपण शिकलो त्याहून कमी दर्जाचे काम रोज स्वतःच्या सहीने करावे लागणे, हे त्यांना सर्वांत जास्त लागत असे. तसे त्यांनी मला एकदा बोलूनही दाखवले होते.

दुसरी गोष्ट सह्यांची. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, न्यायालयाने मागवलेला अहवाल, कारागृहातल्या बंद्यांची तपासणी, कर्मचाऱ्यांच्या रजेसाठी अभिप्राय, महिन्याचे तक्ते आणि त्याच तक्त्यांची पुन्हा संगणकावर भरणी. ही सारी कामे आवश्यक आहेत, आणि प्रमाणपत्रावर एखाद्या कुटुंबाची पेन्शन अवलंबून असते हे मला चांगले ठाऊक आहे. पण प्रमाणपत्राच्या दिवशी साधी तपासणी जवळजवळ बंद पडे, आणि धारणीसारख्या दूरच्या तालुक्यातून पहाटेच्या एसटीने निघालेला रुग्ण दुपारी दोनला दाराशी तसाच बसलेला असे. तो कोरकूत बोलत असेल तर दुभाषा म्हणून वॉर्डातल्या एखाद्या शिपायाला हाक मारावी लागे. मन उकलण्याचे काम तिसऱ्या माणसाच्या तोंडून, तेही उभ्या-उभ्या, कसे व्हावे?

तिसरी गोष्ट लिहिताना आजही हात जड होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आमच्या भागात विष घेऊन वाचलेला माणूस मेडिसिन वॉर्डातून मानसोपचार विभागाकडे पाठवला जातो, म्हणजे हे कर्तव्य व्यवहारात एकाच माणसाच्या खांद्यावर येते. असाच एक तरुण कापूस उत्पादक शेतकरी आमच्याकडे दोनदा आला. तिसऱ्या भेटीच्या दिवशी त्याचा भाऊ एकटाच केसपेपर घेऊन आला आणि तो टेबलावर ठेवून गेला. डॉक्टर थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावले. त्यांना दुसरे काही करण्याची सोयच नव्हती. ज्याच्याशी त्या रुग्णाबद्दल बोलावे, आपले काही चुकले का हे विचारावे, असा दुसरा मानसोपचारतज्ज्ञ रुग्णालयात नव्हता. रजा घ्यावी तर बदली माणूस नाही, आणि रजा घेतलीच तर परतल्यावर दुप्पट गर्दी. रुग्णाची आत्महत्या, एकाकीपणा आणि वरिष्ठांच्या आधाराचा अभाव ही मानसोपचारतज्ज्ञांच्या बर्नआउटची ओळखली गेलेली कारणे आहेत. आमच्याकडे ती तिन्ही एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर एकत्र आली होती.

उपाय म्हणून काय केले जाते? एखाद्या दिवशी ताणमुक्तीचे व्याख्यान ठेवले जाते आणि बहुतेक वेळा व्याख्याताही तोच डॉक्टर असतो. व्याख्यानाला माझा विरोध नाही. पण औषधाचा साठा, सहकारी आणि रजा या तीन गोष्टींची जागा प्राणायाम घेऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सगळा भार तज्ज्ञावरच पडला पाहिजे असेही नाही, हे विदर्भातच दिसून आले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नैराश्य असलेल्या लोकांपर्यंत पोहोचण्याचे काम केले. उपचारांपर्यंत आलेल्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत २७.२ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातही मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि समाजसेवक यांचा संघ अपेक्षित आहे. परंतु हे सहकारी कंत्राटी असतात, त्यांचे मानधन लांबते, चांगली माणसे सोडून जातात, आणि ती गेली की त्यांचे काम पुन्हा डॉक्टरांच्याच टेबलावर येऊन पडते.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाची निदान दोन पदे असावीत आणि दोन्ही भरलेली असावीत. मानसोपचाराची आवश्यक औषधे संपत आली की ठरावीक रकमेपर्यंत ती स्थानिक पातळीवर खरेदी करण्याचा अधिकार विभागप्रमुखाला थेट मिळावा. रुग्णाच्या आत्महत्येनंतर त्या डॉक्टरांशी अनुभवी समव्यावसायिकाने बोलण्याची, चौकशी म्हणून नव्हे तर आधार म्हणून, कायमची व्यवस्था असावी. आज दूरध्वनीवरून रुग्णाला समुपदेशन मिळावे म्हणून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. तशीच एखादी वाट एकट्या पडलेल्या डॉक्टरांसाठी काढणे अवघड नसावे.

२०१७ च्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये, लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय मानकांपर्यंत नेण्यासाठी शासनाने दहा वर्षांच्या आत प्रयत्न करावेत, असे म्हटले आहे. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते. आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत आहेत. मानसोपचारतज्ज्ञांची मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि मागच्या दहा वर्षांत त्या खुर्चीवरून किती डॉक्टर मुदतीआधी निघून गेले, एवढी माहिती त्यांनी जिल्हावार मिळवून छापावी, अशी माझी आपणास आग्रहाची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)